पेलेटच्या रंगावर जाऊ नका : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरगुती स्टोव्हसाठी पेलेट, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या जळणाच्या छोट्या कांड्या, निवडण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पेलेट म्हणजे दाबलेला भुसाच, प्रमाणपत्राला उगाच जास्त पैसे पडतात, फिकट रंगाचे, कठीण लाकडाचे पेलेट घ्यावेत, एखादा पाण्यात टाकून पाहावा आणि स्वस्त पडेल ते पोतं उचलावं. मला हे पटत नाही.

रंग गडद असला की साल मिसळली असेल असं आपण धरून चालतो. असू शकते. पण भुसा जास्त तापवून वाळवला तरी पेलेट काळपट होतो, आणि काही झाडांचं लाकूड मुळातच गडद असतं. उलट फिकट पेलेटमध्ये बारीक वाळू असली तर ती डोळ्यांना दिसणार नाही.

कठीण लाकडाचा मुद्दा ओंडक्यांपुरता खरा आहे, कारण तेवढ्याच आकारात त्याचं वजन जास्त भरतं. पेलेट करताना भुसा वाळवून प्रचंड दाबाखाली साच्यातून काढतात, तिथे हा फरक जवळजवळ पुसला जातो. चांगले पेलेट घनमीटरला 600 ते 750 किलो भरतात, लाकूड कुठलंही असो. किलोमागच्या उष्णतेत पाइनसारखं मऊ लाकूड किंचित पुढेच असतं, कारण त्यात राळ आणि लिग्निन (लाकडाला ताठपणा देणारा घटक) जास्त.

पाण्यात पेलेट विरघळून भुसा झाला, तर तो ओल्यात ठेवू नये एवढंच कळतं. राख किती पडेल, हे पाणी सांगत नाही. आणि प्रमाणपत्राचा माझा सगळा आग्रह कमी राखेसाठीच आहे.

लाकडी पेलेटसाठीच्या आयएसओ 17225-2 या आंतरराष्ट्रीय मानकात ए1 दर्जाला राखेची मर्यादा 0.7 टक्के आहे, ए2 ला 1.2 आणि बी ला 2. आकडे किरकोळ वाटतात, म्हणून टनाचा हिशेब करा: ए1 मध्ये फार तर सात किलो राख, बी मध्ये वीस. वीस किलो उपसणं एक वेळ परवडेल, पण त्या राखेत वाळू, साल किंवा शेतातला पालापाचोळा असेल तर ती कमी तापमानाला वितळते आणि वीटभट्टीतल्या खंगरासारखी घट्ट होते. बर्नपॉटच्या, म्हणजे स्टोव्हमध्ये पेलेट जळतात त्या भांड्याच्या, तळाची भोकं बुजतात, हवा कमी पडते, ज्योत आखूड आणि तेजस्वी राहायच्या ऐवजी लांब, नारिंगी, आळसावलेली होते, काच काळी पडते. लोक स्टोव्ह बिघडला म्हणून कारागिराला बोलावतात. तुम्ही सुचवलेल्या भाताच्या तुसाच्या पेलेटबद्दल तर सांगायलाच हवं: तुसात राखच 15 ते 20 टक्के असते. त्यासाठी वेगळी भट्टी लागते, हा स्टोव्ह नाही.

पोत्याच्या किमतीपेक्षा उष्णतेची किंमत काढा. ए1 पेलेट किलोला किमान 4.6 किलोवॉट-तास देतो, म्हणजे 15 किलोच्या पोत्यात सुमारे 69. ओलावा 10 टक्क्यांच्या आत हवा. त्यापुढे तुम्ही पाण्याला पैसे मोजता.

प्रमाणपत्राबाबत तुमची शंका एका बाबतीत रास्त आहे. शिक्का कुणीही छापू शकतो. म्हणूनच ईएनप्लस या पेलेटच्या दर्जा-प्रमाणपत्राच्या चिन्हासोबत उत्पादकाचा क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक नसेल तर ते पोतं मी घेणार नाही.

आणि हंगामाची सगळी खरेदी एकदम करू नका. दोन-तीन पोती आणा. पोतं उभं आपटून तळाशी किती चुरा साचतो ते बघा. मूठभर चुरा चालेल, ओंजळी भरायला लागल्या तर परत करा. लांबीही बघा: 40 मिलिमीटरपेक्षा लांब तुकडे हॉपरमध्ये (स्टोव्हच्या पेलेट भरायच्या टाकीत) आडवे अडकतात, जळण खाली सरकत नाही आणि स्टोव्ह मध्येच विझतो. मग ती पोती तुमच्याच स्टोव्हमध्ये, त्याच सेटिंगवर जाळा आणि बर्नपॉट थंड झाल्यावर हात घालून पाहा. राख भुसभुशीत असेल तर त्याच मालाची मोठी ऑर्डर द्या.

शेवटी तुम्ही विचारलंत की मोकळे पेलेट तळघरातल्या बंद खोलीत साठवले तर चालतील का. कोरडी जागा हवी हे खरं, पण बंद नको. साठवलेल्या पेलेटमधून, विशेषतः ताज्या मालातून, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. त्याला वास नसतो आणि अशा साठ्यांत शिरून माणसं दगावली आहेत. खोलीला बाहेर उघडणारी हवेची वाट ठेवा, डिटेक्टर बसवा आणि आत जाण्याआधी दार बराच वेळ उघडं ठेवा. मुलांना तिथे जाऊ देऊ नका.