कडक चव म्हणजे जास्त कॅफीन नव्हे
कॉफीवरच्या या लेखात एस्प्रेसोला (दाबाने काढलेली, छोट्या कपातली कडक कॉफी) सर्वांत जास्त कॅफीनची कॉफी म्हटलंय. घोटाच्या हिशेबाने ते बरोबर, कपाच्या हिशेबाने नाही. ३० मिली एस्प्रेसोत साधारण ६० ते ७० मिलिग्रॅम कॅफीन असतं, तर गाळून केलेल्या काळ्या कॉफीच्या २४० मिलीच्या मगात ९५च्या आसपास. शिवाय कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी रोबस्टाच्या बियांत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट! निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात, पण गरोदरपणात मर्यादा २००च. त्या काळात कॅफीन शरीरातून फार हळू बाहेर पडतं आणि बाळापर्यंतही पोचतं. हे लेखात यायलाच हवं होतं. आणि ज्यांना झोप लागत नाही त्यांनी कृपया आधी संध्याकाळचा कप बंद करून बघा. रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायलाच सुमारे पाच तास लागतात.