आधी वाफे, मग सभासद

सभासदांकडून हंगामाचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि त्यांना दर आठवड्याला भाजीची टोपली द्यायची, अशी शेती कशी सुरू करावी यावरचा लेख वाचला. ‘पहिल्याच हंगामात मिळतील तितके सभासद करा, आगाऊ पैशांत बी-बियाणं भागेल’ हा त्यातला सल्ला मला धोक्याचा वाटतो. आगाऊ पैसे म्हणजे कमाई नव्हे, उधारी आहे. ती पुढे दर आठवड्याला टोपली भरून फेडायची असते. मी स्वतः अशा एका शेताची सभासद होते. सोडलं ते पैशांवरून नाही, तर ओळीने कित्येक आठवडे नुसता कोबीच आला म्हणून. मुळा महिनाभरात निघतो, कोबी अडीच-तीन महिने घेतो. सगळं एकदम पेरलं की एका आठवड्यात टोपली ओसंडते आणि पुढच्या आठवड्यात तळ दिसतो. मुळा, पालक थोडा थोडा करून दर पंधरवड्याला पेरत राहावा लागतो. या टप्प्यांच्या पेरणीवर लेखात एक ओळ नाही, लोगोवर मात्र दोन परिच्छेद!

जोखीम वाटून घेण्याचा मुद्दा मात्र छान मांडलाय. अमेरिकेत १९८६ मध्ये अशी सभासदांची शेती सुरू झाली तेव्हा न्यू हॅम्पशायरच्या टेंपल-विल्टन शेतावर भाजीची किंमतच ठरवत नसत. शेताचा वर्षाचा खर्च सभासदांसमोर मांडायचा आणि ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे उचलायचा. तेवढा विश्वास पहिल्या वर्षी कुणी टाकणार नाही, हे खरं. पण गारपिटीत पीक गेलं तर टोपली हलकी येईल आणि पैसे परत मिळणार नाहीत, एवढं तरी नोंदणीच्या कागदावर ठळक लिहा. तोंडी सांगितलेलं ऐन वेळी कुणालाच आठवत नाही.