बाँड, उचल आणि ये-जा : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमचं म्हणणं असं, की अंबाजोगाईसारख्या सरकारी कॉलेजात लोकांच्या पैशावर शिकून पोरं अमेरिकेत जातात, त्यांना बाँडनं, म्हणजे शिक्षणानंतर सरकारी नोकरी करायच्या करारानं, घट्ट बांधावं; मी सुचवलेली ‘ये-जा’, म्हणजे बाहेर गेलेल्यांनी अधूनमधून इथं येऊन काम करायचं, शिकवायचं, ही निव्वळ पळवाट. तुमचा राग पटतो, उपाय नाही.

बाँड ही उचल आहे, ऊसतोडीआधी मजुराला मिळते तशी आगाऊ रक्कम. उचल घेतलेला कोयता, म्हणजे ऊसतोड मजूर, उसाच्या फडावर जातो, पण तिथं वस्ती करत नाही. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गाडी बीडकडं वळते, कारण घर, रान, म्हातारी इथंच. एमबीबीएसच्या एक वर्षाच्या बाँडचं तेच. वर्ष पीजीच्या अभ्यासात सरतं, पुढं पाय मोकळे.

अमेरिकेचंही बघा. जे-1 या देवाणघेवाण व्हिसावर रेसिडेन्सी, म्हणजे तिथल्या इस्पितळात तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण, केलेल्या डॉक्टरला दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते. डिसेंबर 2024 मध्ये कोणत्या देशांच्या कोणत्या कौशल्यांना ही अट लागते, त्या कौशल्य-यादीतून त्यांनी भारत वगळला, बऱ्याच संशोधकांची अट सुटली, डॉक्टरांची राहिली. मात्र ‘कॉनराड 30’ योजनेत तिथलं प्रत्येक राज्य वर्षाला 30 डॉक्टरांची अट माफ करवून घेऊ शकतं. बदल्यात तीन वर्षं डॉक्टर कमी असलेल्या भागात नोकरी. आपल्याकडं धाडायच्या अटीवर त्यांनी स्वतःची खेडी भरली!

आता ये-जा. ती सोपी आहे असं मी म्हणालोच नव्हतो. महिनाभर येऊन ऑपरेशनं करत शिकवायचं म्हटलं तरी आधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आडवी येते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांनी पुढंही शिकत राहायच्या कार्यक्रमांचे, 30 गुण. दहा वर्षं बाहेर असलेल्याची नोंदणी बहुधा लॅप्स झालेली, आणि हे कळतं तिकीट काढल्यावर. म्हणून बोलावणाऱ्या विभागप्रमुखानं तारखेआधी नोंदणीची मुदत विचारावी. नागरिकत्व बदललं असेल तर परवानगीचं प्रकरण वेगळंच.

संशोधकांसाठी केंद्राची ‘वैभव’ फेलोशिप आहे : वर्षाला एक-दोन महिने, तीन वर्षांपर्यंत, महिन्याला 4 लाख. पण यजमान विद्यापीठ किंवा कॉलेज एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये हवं, वर कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची ‘अ’ श्रेणी. या चाळणीतून मराठवाड्यातली बहुतेक कॉलेजं गळतात आणि पाहुणा पुण्या-मुंबईतच उतरतो. भांडायचं तर इथं भांडू, मी सोबत आहे. क्रमांक बाजूला ठेवा. त्या विभागात चालू स्थितीतलं यंत्र आणि ते चालवणारा कायम तंत्रज्ञ आहे का, एवढं तपासा.