घडी मोडलेली साडी आणि ‘नुकसान शून्य’

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक सख्ख्या नणंदेकडून. म्हणणं थोडक्यात असं: ऑनलाइन विक्रेत्यांनी ‘रिटर्न फ्रॉड’चं, म्हणजे वापरलेला किंवा बदललेला माल परत येतो याचं, रडगाणं बंद करावं. माल चांगला असेल तर तो परत येतच नाही. आलाच तर वस्तू विक्रेत्यालाच मिळते, म्हणजे नुकसान शून्य. कुणी माल बदलून पाठवला तर पॅकिंगचा व्हिडिओ दाखवायचा, ज्या अ‍ॅपवर विकलं ती कंपनी पैसे भरून देते. परत करणं हा ग्राहकाचा कायदेशीर हक्क आहे. आणि एवढं असूनही परवडत नसेल तर दुकान बंद करा.

मी येवल्यात राहते. घरात हातमाग आहे, शिवाय यंत्रमागावरच्या सेमी सिल्क साड्या ऑनलाइन विकते. वन्संना फोनवर उत्तर देऊन झालं. हे बाकीच्यांसाठी.

आधी ‘नुकसान शून्य’ घेते, कारण ते सगळ्यांना पटकन पटतं. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात साडी नेसलेली नसावी. नव्या साडीची पहिल्यांदा घडी मोडायची म्हटलं तर आपल्याकडे दिवस बघतात. मोडलेली घडी इस्त्री फिरवून परत बसते, पण साडी नवी होत नाही. खांद्यावर पिनेची दोन भोकं असतात. पदराला अत्तराचा वास असतो, निऱ्यांच्या काठाला धूळ असते. एकदा तर फॉल लावून, नेसून, पुन्हा उसवून पाठवलेली साडी आली होती. टाक्यांची रांग काठाच्या आतून सरळ दिसत होती. कारण काय लिहिलं होतं? ‘रंग फोटोसारखा नाही.’

संक्रांतीचं तर वेळापत्रकच ठरलेलं आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काळ्या साड्यांच्या ऑर्डरी येतात. 11-12 तारखेला साडी पोचते, 14 ला नेसली जाते, 17-18 ला परत निघते. परत करायची मुदत 7 दिवसांची असली तर सगळं व्यवस्थित मुदतीत बसतं. ज्यांचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्या ऑर्डरच उशिरा टाकतात. पदरावर सांडलेलं कुंकू काळ्यावर फोटोत दिसत नाही, हातात घेतलं की दिसतं.

आता हिशेब. समजा काळी सेमी सिल्क 1,200 रुपयांना विकली. मला ती 800 ला पडते. पॅकिंगचे 15, कंपनीचं कमिशन आणि जाण्याचं भाडं मिळून 235. हातात उरले 150. ही साडी नेसून परत आली. कंपनीने कमिशन आणि जाण्याचं भाडं सोडून दिलं असं धरू, तरी येण्याचं भाडं 150 रुपये माझ्या खात्यातून कापलं जातं. पॅकिंग गेलं. साडी नवी म्हणून विकता येत नाही, बाजाराच्या दिवशी 400 ला काढते. म्हणजे साडीत 400, भाड्यात 150, पॅकिंगमध्ये 15, एकूण 565 गेले. ते भरून यायला चार साड्या नीट विकल्या जाव्या लागतात, आणि त्या चौघींतून मला 35 रुपये उरतात. ‘शून्य’ ते हेच असावं.

आणि ही झाली तीच साडी परत आली तर. बदली केलेली साडी आली तर काय होतं, ते पैठणीवाल्यांना विचारा. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा जिथल्या तिथे हाताने अडकवलेला असतो. यंत्रमागावरच्या पदराच्या मागे तुटके, कापलेले धागे लोंबतात. किमतीत काही पटींचा फरक. पण परतीचं पार्सल उचलायला येणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर फक्त एक फोटो असतो: मोरपंखी साडी, पदरावर पोपट. समोर मोरपंखी साडी आहे, पदरावर पोपट आहे. त्याने ‘ओके’ दाबलं. त्याला त्या दिवशी अजून कितीतरी दारं गाठायची असतात, आणि पदर उलटून बघायचं त्याला कुणी शिकवलेलंही नाही. त्याच्यावर माझा राग नाही. प्रत्येक मोबाइलला त्याचा स्वतःचा वेगळा आयएमईआय नंबर असतो, तो जुळवता येतो. साडीला कसला नंबर?

मग व्हिडिओ काढा म्हणतात. काढतो हो. मी आणि जाऊबाई, एकीने घडी पिशवीत घालायची, दुसरीने मोबाइल धरायचा. साडी उलगडून, काठ दाखवून, लेबलचा नंबर कॅमेऱ्यासमोर धरून, पिशवी चिकटवून. परतीची पार्सलंही व्हिडिओ चालू ठेवूनच फोडायची. एका पार्सलला 3 मिनिटं धरा. 40 पार्सलं असली की 2 तास गेले, आणि मोबाइलची जागा भरली ती वेगळीच.

भरपाईची तरतूद नाही असं मी म्हणत नाही. अ‍ॅमेझॉनवर ‘सेफ-टी क्लेम’ आहे, फ्लिपकार्टवर ‘एसपीएफ’ म्हणजे विक्रेता संरक्षण निधी आहे. ठराविक दिवसांत दावा टाकावा लागतो, मंजूरही होतात. माझेही झालेत. पण माझा एक व्हिडिओ सांगतो मी काय पाठवलं, दुसरा सांगतो माझ्याकडे काय आलं. मधले पाच दिवस साडी ज्या घरात होती, तिथला व्हिडिओ कुणाकडेच नाही. म्हणून दावा तपासणारा माणूस मनात आलं तर म्हणू शकतो की दोन्ही व्हिडिओंतली साडी एकच दिसते. पैठणीच्या एका दाव्यात मला नेमकं हेच उत्तर आलं (कंपनीचं नाव घेत नाही). पदराच्या मागच्या बाजूचे दोन फोटो शेजारी ठेवून पाठवले, फरक शब्दांत लिहिला. तेच उत्तर पुन्हा आलं, तेही स्वल्पविरामासकट. उलट ‘सदोष माल’ म्हणायला ग्राहकाला बहुतेक वेळा एक फोटो पुरतो. पुराव्याचं ओझं असं एकाच खांद्यावर का, याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

कायद्याचं बघू. ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम 23 जुलै 2020 ला आले. विक्रेता माल परत घ्यायला कधी नकार देऊ शकत नाही, ते त्यात लिहिलंय: माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितला तसा नसेल, किंवा सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोचला असेल. चारही गोष्टी रास्त आहेत, मी ग्राहक असते तर मीही त्यावर भांडले असते. ‘आवडली नाही’, ‘आता नको’ हे त्यात नाही. काहीही न विचारता 7 दिवसांत परत, ही कंपनीची योजना आहे. ती जाहीर करते कंपनी, तिचं भाडं भरते मी. आणि नेसलेली साडी ‘सदोष’ म्हणून परत करणं हा हक्क तर नाहीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे, ती एकदा वाचावी. पोलिसांत का जात नाही? साडी 1,200 ची, ग्राहक दुसऱ्या राज्यात, त्याचा खरा फोन नंबर कंपनी मला दाखवत नाही. येवल्याच्या ठाण्यात जाऊन मी नाव कुणाचं सांगू?

‘माल चांगला असेल तर परत येत नाही.’ यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायला मला लाज नाही. सेमी सिल्कला ‘अस्सल पैठणी’ म्हणून, दुसऱ्याचा फोटो चोरून विकणारे आमच्यातच आहेत. त्यांच्याकडून घेतलेली साडी परत गेलीच पाहिजे. मोबाइलच्या पडद्यावर राणी रंग गुलाबी दिसतो, हेही खरं. माझ्याकडे येणाऱ्या परतीतल्या बऱ्याच अशा सरळ असतात: साडी तशीच घडीत, टॅगसकट. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, तो धंद्याचा खर्च आहे. पण फसवणूक हा विक्रेत्यांचा कल्पनाविलास असता, तर डिसेंबर 2023 मध्ये अ‍ॅमेझॉनला अमेरिकेत ‘रेक’ नावाच्या टोळीवर दावा लावावा लागला नसता. ती टोळी टेलिग्रामवर उघड जाहिरात करायची: वस्तू मागवा, ठेवून घ्या, पैसे परत मिळवून देतो, आमची टक्केवारी द्या. कर्मचाऱ्यांना लाच देऊन परतीची नोंद करून घेतल्याचाही आरोप त्यात होता. अ‍ॅमेझॉनकडे वकिलांची फौज आहे. आमच्याकडे जाऊबाईंचा मोबाइल आहे.

राहिलं ‘दुकान बंद करा’. हातमागाच्या पैठण्या मी ऑनलाइन बाजारातून काढूनच टाकल्या. आता व्हिडिओ कॉलवर पदर दोन्ही बाजूंनी दाखवते, पैसे आधी घेते, मग कुरियर करते. महिन्याला मोजक्याच जातात. सेमी सिल्क मात्र तिथेच ठेवावी लागते, कारण नागपूरची किंवा बडोद्याची बाई साडी शोधायला माझ्या नावाने नाही, अ‍ॅपच्या नावाने जाते.

येत्या संक्रांतीसाठी 40 काळ्या साड्या भरल्यात. या वेळी टॅग काठाला न लावता पदरावर, बरोबर खांद्याची पिन येते तिथे लावलाय. चांगला तळहाताएवढा, लाल रंगाचा, कापल्याशिवाय न निघणारा. वर लिहिलंय: ‘टॅग काढल्यास साडी परत घेतली जाणार नाही.’ कंपनी ते मानते की नाही, ते 18 तारखेला कळेल.