मामाची चलानं आणि ‘दोन दिवसांत ईआरपी’

भोसरीत मामाचं सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, छोटं वर्कशॉप आहे. परवा त्यानं मला एक फॉरवर्ड पाठवला, खाली लिहिलं, ‘आपल्या प्रोग्रामरची एएमसी बंद करतोय.’ एएमसी म्हणजे देखभालीचा वार्षिक करार. फॉरवर्ड म्हणतो: एआय एजंटला (सांगितल्यावर स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्या एआयला) मराठीत सांगा, दोन दिवसांत ईआरपी (माल, चलानं, बिलं सांभाळणारा प्रोग्राम) तयार. प्रोग्रामर नको, काम दहापट वेगानं, आणि एकदा बनवलं की देखभाल शून्य. मी याच कामावर पोट भरते, एजंट रोज वापरते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘दोन दिवसांत तयार’ अर्धं खरं आहे. फॉर्म, रिपोर्ट, एक्सेलमधला डेटा आत घेणं, ज्याला आठवडा जायचा ते आता एका दुपारी होतं. मान्य. पण मामानं हौसेनं बनवून घेतलेला प्रोग्राम मी उघडून पाहिला. गिऱ्हाइकाचे ५०० नग जॉबवर्कला, म्हणजे काम करून परत द्यायला, आलेले. पहिल्या खेपेला ३०० परत गेले आणि प्रोग्रामनं त्या मालाचं चलानच (मालासोबतच्या कागदाची नोंद) बंद करून टाकलं. उरलेले २०० काही मशीनवर, काही रिजेक्शनच्या ट्रेमध्ये. स्क्रीनवर कुठेच नाहीत. माल दोन-तीन खेपांत जातो हे एजंटला कुणी सांगितलंच नव्हतं. मामाच्या ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं सुचलंच नाही. जुन्या प्रोग्रामरनं मात्र शॉपमध्ये उभं राहून ते पाहिलं होतं. आणि ही चूक किरकोळ नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परतला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरतात. कर गिऱ्हाइकाच्या गळ्यात, आणि गिऱ्हाईक मामाच्या दारात.

‘दहापट वेग’? एमईटीआर या संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरच्या २४६ कामांवर हे मोजलं. एआय वापरल्यावर वेळ १९ टक्के जास्त लागला. त्यांना स्वतःला मात्र २० टक्के वाचल्यासारखं वाटत होतं. साधनं त्यानंतर सुधारलीत. तरी दहापट हा आकडा कुणी घड्याळ लावून काढला, ते फॉरवर्डमध्ये नाही.

‘देखभाल शून्य’ तर साफ खोटं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. मामाच्या प्रोग्राममध्ये दर एकाच जागी लिहिलाय. मी तो बदलून त्याच वर्षीच्या ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं, तर त्यावरही नवाच दर. जुन्या बिलावर जुनाच दर राहायला हवा, आणि हे कुणीतरी दुरुस्त करावंच लागतं.

मामा, एएमसी तोडू नकोस. प्रोग्रामरला एजंट वापरू दे आणि पैसे कमी करून माग, ते रास्त आहे. रविवारी मी येते, चलानांची फाइल काढून ठेव.