पत्रादेवीपलीकडचा परवाना

पेडण्यात फिरणारा एक फॉरवर्ड मलाही तीनदा आला: ‘परवाना असेल तर गाडी म्हणजे आपलं घरच, पिस्तूल डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, सावंतवाडीहून पणजीपर्यंत कुणी विचारणार नाही.’

हे चुकीचं आहे. आधी परवाना उघडून बघा. तो कुठल्या क्षेत्रापुरता वैध आहे, ते त्यावरच लिहिलेलं असतं. क्षेत्र फक्त महाराष्ट्र असेल, तर गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापुढे तुमचं पिस्तूल विनापरवानाच. मग ते कप्प्यात असो की डिकीत.

दुसरं, शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अंगावर होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवं. कप्प्यात पिस्तूल टाकून तुम्ही म्हापशात चहाला उतरलात, की ताबा कसला? गाडीत मागे पोरं बसलेली असतात, हेही फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सुचलं नाही. सीटखाली सरकवणं तर त्याहून वाईट; ब्रेक मारला की ते पायात येणार.

कप्प्याची ही कल्पना अमेरिकेतल्या व्हिडिओंवरून आलेली दिसते. तिथे राज्याराज्याचे कायदे वेगळे. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चालतो.

आणि आचारसंहिता लागली असेल, तर शस्त्र जमा करण्याचा आदेश निघालाय का, हे प्रवासाला निघण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा.