पिऊन दाखवा

दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात बसायला जागा नाही, पण तिकीट लागतं. बसायचं आईच्या मांडीवर, आईच्या पट्ट्यात अडकवलेल्या चिमुकल्या पट्ट्यात, आणि पैसे मोजायचे बापानं. आमच्या एसटीत पाच वर्षांपर्यंत पोर फुकट, आणि २०२३ पासून बाईमाणसाला अर्धं तिकीट. म्हणजे मी, माझी लेक अनू आणि चार महिन्यांचा नातू, असे तिघं मिळून एका पुरुषाच्या भावात पडलो असतो. पण एसटी दिल्लीला जात नाही आणि जावई दिल्लीला असतात.

सांगलीहून विमानानं जायचं म्हणजे आधी सांगली सोडायची. कवलापूरला जुनी धावपट्टी आहे, पण तिच्यावरून मी आजवर निवडणुकीतली आश्वासनंच तेवढी उडताना बघितली. मग कोल्हापूर, बेळगाव नाहीतर पुणे, नाहीतर थेट मुंबई. आम्ही कुठून उडालो ते मात्र सांगणार नाही. पुन्हा त्याच दारातून जायचंय.

बाळंतिणीला सासरी पोचवायची तयारी माझ्याकडं होती. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प, बाळंतशेपा, वेखंड, गुटीची पुडी, गुटी उगाळायची सहाण आणि ओटीचा नारळ. अनूची तयारी वेगळी. तिनं एक निळी थंड पेटी आणली होती. तिच्यात बर्फाच्या पिशव्या, दूध काढायचा बॅटरीवरचा पंप आणि काढलेल्या दुधाच्या दोन बाटल्या. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं, म्हणाली. खोली म्हणजे पंचवीस अंशांची किंवा त्याहून गार. एप्रिलात सांगली-तासगावकडं इतकी गार खोली फक्त बेदाण्यांच्या नशिबी असते, कोल्ड स्टोरेजात.

"अगं, पोर कडेवर असताना बाटल्या कशाला?" मी विचारलं.

"आई, मला मधली सीट मिळालीय."

विषय संपला. शेजारी खेटून परका पुरुष, ही कल्पना मलाही पेलेना.

नारळावरून मात्र बराच वेळ गेला. नारळ हातातल्या बॅगेत नेता येत नाही असं निघालं. सुकं खोबरं तर सामानातसुद्धा नको, त्यातल्या तेलामुळं पेट घेऊ शकतं म्हणे. (डिंकाच्या लाडवात किती खोबरं किसलंय याची वाच्यता मी केली नाही.) शबरीमलाच्या यात्रेकरूंना २०२४ मध्ये इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ सोबत न्यायची सवलत दिली होती, तीही यात्रेच्या हंगामापुरतीच. अय्यप्पाच्या नारळाला चाललं, आमच्या गणपतीच्या नारळाला नाही. शेवटी हळकुंडं आणि सुपारीवर ओटी भरली. हळकुंडांना सांगलीत तोटा नाही, आणि विमानात ती पेट घेत नाहीत.

सुरक्षा तपासणीत आधी सहाण अडली. यंत्राच्या पडद्यावर ती कशी दिसली कोण जाणे, जवानानं ती बाहेर काढून दोन्ही बाजूंनी बघितली, वास घेतला.

"माताजी, ये क्या है?"

"इस पर घिस के बच्चे को देते हैं."

"पत्थर?"

"पत्थर नहीं. पत्थर पर."

हा 'पर' त्याला पटेपर्यंत मागची रांग दुप्पट झाली. मग पंप निघाला. त्याला नळ्या, बटण, बॅटरी असं सगळंच, त्यामुळं त्याच्यासाठी दुसरा जवान आला. अनूनं तो कशासाठी असतो ते हळू आवाजात सांगितलं. दुसऱ्या जवानानं तेच पहिल्याला मोठ्या आवाजात सांगितलं. रांगेतल्या ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्यांची सोय झाली.

मग बाटल्या.

"इसमें क्या है?"

"दूध."

"किसका?"

हिंदी सिनेमात आईच्या दुधाचा विषय निघाला की समोरासमोर दोन पैलवान असतात आणि मागं ढोल वाजत असतो. इथं तो प्रश्न रेशनकार्डाचा नंबर विचारावा तसा आला. अनू म्हणाली, "मेरा." जवान लाजला, हे मी त्याच्या बाजूनं सांगायला हवं. कान लाल झाले बिचाऱ्याचे. पण नियम म्हणजे नियम. पाण्याच्या बाटलीचं करतात तेच त्यानं केलं.

"पी के दिखाइए."

"कोण, मी?" अनू मराठीत ओरडली.

"कोई भी."

यावर आजूबाजूच्या समस्त लोकांनी माझ्याकडं बघितलं. मी बत्तीस शिराळ्याचं माहेर आणि सांगलीचं सासर केलेली बाई आहे, नागाला घाबरले नाही. पण लेकीचं दूध तिच्याच लेकराच्या तोंडचं काढून, चारचौघांत, उभ्यानं प्यायचं? आणि समजा प्यायले, तर काय सिद्ध होणार होतं? मी जिवंत राहिले, एवढंच. ते मी न पितासुद्धा दाखवत होते.

अनू आता नियमावर आली. लहान मूल सोबत असेल तर प्रवासापुरतं दूध आणि बाळाचं खाणं नेता येतं. शंभर मिलिलीटरची मर्यादा परदेशी जाणाऱ्यांना, ती २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं पातळ स्फोटकांनी उडवायचा कट उघडकीला आला तेव्हापासूनची. आणि बाळाचं दूध त्यातूनही वगळलेलं. हे सगळं ती बाळाला डाव्या हातावर थोपटत, एकही मुद्दा न गाळता बोलली. जवानानं वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना बोलावलं. दरम्यान दूध टेबलावर, बर्फ पेटीबाहेर, आणि ज्याचं ते दूध तो मालक भूक लागून किंचाळायला लागलेला. शेवटी एक बाई अधिकारी आल्या. त्यांनी बाटलीकडं बघितलं, बाळाकडं बघितलं, आणि "जाने दो यार" म्हणाल्या. त्या 'यार'मध्ये नक्की कुठल्यातरी पाळणाघराची फी दडलेली होती.

मला राहून राहून हिरकणी आठवत होती. तिचीही भानगड हीच. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, तिन्हीसांजेला दरवाजे बंद, पहारेकऱ्याचा नियम पक्का, आणि खाली घरी तान्हं लेकरू. ती कुणाशी हुज्जत घालत बसली नाही, सरळ कडा उतरून गेली. पुढं महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्याच जागी बुरूज बांधला, अशी कथा सांगतात. म्हणजे बघा, सुरक्षेतली फटही बुजवली आणि नावही आईचं दिलं. याला म्हणतात प्रशासन. आता तिच्या नावानं एसटीची निमआराम गाडी आहे आणि स्टँडवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष असतात.

विमानतळावरही तसली खोली होती. दारावर दुधाच्या बाटलीचं चित्र, म्हणजे ज्या आईला बाटली नको असते तिनं आत जायचं. दार आतून बंद. वाटलं, कुणी बाळंतीण असेल. थांबलो. नातवाचा सूर आता नाट्यसंगीताकडं झुकला होता; सांगली नाट्यपंढरी असली तरी विमानतळावर त्याची कदर होईना. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवल्यावर दार उघडलं आणि आत एक सुटाबुटातले गृहस्थ. मांडीवर लॅपटॉप, भिंतीत चार्जर.

"दोन मिनट, मैडम. बयासी परसेंट हो गया."

२०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं या विषयावर निकाल दिला. सार्वजनिक इमारतींत आयांना पाजण्यासाठी, बाळ सांभाळण्यासाठी स्वतंत्र जागा हव्यात हे केंद्रानं राज्यांच्या कानावर घालावं, आणि चारचौघांत बाळाला पाजण्याला कुणी नाकं मुरडू नयेत, असं न्यायमूर्तींनी सांगितलं. अनूच्या मोबाइलवर ते होतं. पण त्या मोबाइलची बॅटरीही संपत आलेली, आणि प्लग एकच. मी निकालाचं काम तोंडी केलं. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सांगलीचं होतं, कृष्णाकाठचं. गृहस्थ त्र्याऐंशी टक्क्यांवर बाहेर आले.

ती खोली मात्र छान होती, हेही खरं. गार हवा, खुर्ची, आतून कडी. अनू लहान असताना मी तिला मिरज-कोल्हापूर गाडीत, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर पदराखाली घेऊन पाजलंय. कंडक्टर म्हणायचा, "ओ, बाळाच्या आईला बसू द्या," आणि दोन अनोळखी बाया आपापल्या पिशव्या घेऊन मध्ये उभ्या राहायच्या. लोक त्या दिवसांचं कौतुक करतात. मी नाही करत. पदराखाली आम्ही दोघी घामानं निथळत असायचो आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तिचं तोंड सुटायचं. कुणी कडीची खोली दिली असती तर मी कशाला पदर घेतला असता?

विमानात खिडकीला एक जाडसर गृहस्थ, मधे अनू, कडेला मी. पुढच्या रांगेतली एक पंजाबी बाळंतीण आमच्या शेजारी यायला बघत होती, तेवढाच तिला आडोसा. पण हवाईसुंदरी म्हणाली, जमणार नाही. वरून पडणारे ऑक्सिजनचे मुखवटे तीन खुर्च्यांमागं चारच, म्हणजे एका बाजूला एकच बाळ. हे मला पटलं. प्राणवायूवरून बायकांची भांडणं नकोत. खिडकीवाल्यांना अनूनं हिंदीत विचारलं, जागा बदलाल का? त्यांनी खिडकीचे ज्यादा पैसे भरले होते.

"भरलेत तर भरलेत," मी अनूला म्हणाले, "तू शाल घे वरून. कुठं लक्ष देतीस."

गृहस्थांनी मान वळवली. "सांगली?"

"विश्रामबाग."

"काय सांगता! आम्ही आष्ट्याचं की ओ!"

पुढच्या क्षणाला ते उठून उभे होते. खिडकी अनूला, मधली मला, आणि काका कडेला, पहाऱ्यावर. त्यांचा हेतू सोन्यासारखा, फक्त आवाज ऊसतोडीच्या फडातला. खाण्याची गाडी आली की हात आडवा घालून, "थांबा ओ, बाळ पितंय!" कुणी स्वच्छतागृहाकडं निघालं की, "तिकडं बघत जावा, बाळ पितंय!" अनूनं शालीखाली जे काही झाकलं होतं त्याची बातमी शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. आडून आडून त्यांनी सल्लेही दिले. गरमीचं थोडं पाणी पाजा. अनू म्हणाली, सहा महिने पाणीसुद्धा द्यायचं नसतं, काका, आईच्या दुधातच पुरेसं पाणी असतं.

"ते आमच्या गवळ्याच्या बी असतंय," काका म्हणाले. मग म्हणाले, मध चाटवा. वर्षाच्या आत मध नाही, त्यातल्या जंतूंनी बॉट्युलिझम होऊ शकतो, हे ऐकल्यावर त्यांनी खिशातली भडंगाची पुडी काढली आणि ती मला दिली.

खरी परीक्षा उतरताना असते, असं डॉक्टरांनी बजावलेलं. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवरची ठेवतात, म्हणजे महाबळेश्वरच्याही पुष्कळ वरची. खाली यायला लागलं की हवेचा दाब वाढतो आणि घशातून कानाकडं जाणारी नळी उघडली नाही तर कान ठणकतो. मोठी माणसं आवंढा गिळतात. बाळाला कोण सांगणार? म्हणून उतरताना पाजायचं, गिळता गिळता नळी आपोआप उघडते. वैमानिकानं सांगितलं, आपण उतरायला लागलोय. अनूनं झोपलेल्या बाळाला उठवलं. झोपलेलं मूल उठवणं माझ्या तत्त्वात बसत नाही, पण विज्ञानापुढं मी गप्प बसले. बाळ पोटभर प्यालं, ढेकर दिला. तेवढ्यात वैमानिक पुन्हा बोलला. खाली दिल्लीवर धुळीचं वादळ आहे, थोडा वेळ वरच फिरूया.

फिरलो. फिरून फिरून आला तो उतार आता खरोखर सुरू झाला आणि बाळाचं पोट तुडुंब. अंगावर घेईना. मग ती बाटली निघाली. तीन अधिकाऱ्यांनी पास केलेलं ते दूध चिरंजीवांनी जिभेनं ढकलून नापास केलं. आणि कान धरले असावेत, कारण जो सूर लागला त्यानं पुढची पंजाबी बाळंतीणही रडवेली झाली, तिचं बाळ तर आधीच रडत होतं.

"जांभई द्यायला लावा त्याला," काका म्हणाले. "एकानं दिली की दुसऱ्याला येतीच." आणि त्यांनी बाळापुढं जबडा वासला. मी दिली. अनूला आली. पलीकडच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांना आली, हवाईसुंदरीला पट्ट्यात बसल्या बसल्या आली. आजूबाजूच्या चार-पाच रांगांतल्या सगळ्यांचे कान मोकळे झाले, बाळाचे सोडून. रडण्यानंसुद्धा ती नळी उघडते असं अनू नंतर म्हणाली. म्हणजे पठ्ठ्यानं स्वतःचा इलाज स्वतःच चालवला होता, आम्ही उगाच मध्ये तोंडं वासत होतो. चाकं टेकली आणि तो गाढ झोपला.

बाहेर जावई फुगा घेऊन उभे. काकांनी त्यांना "पोरगं खणखणीत आहे" असं सांगितलं आणि टॅक्सीकडं गेले. जावयांनी झोपलेल्या लेकाकडं कौतुकानं बघितलं.

"आई, किती शांत आहे हो! त्रास नाही ना दिला काही? म्हणजे याला विमान मानवतंय. दिवाळीला सांगलीला जायची तिकिटं आत्ताच काढून टाकतो, स्वस्त पडतील."

"काढ ना," अनू म्हणाली. "तू, आई आणि बाळ, तिघांची काढ. मी दूध बाटलीत भरून देते. सिक्युरिटीत तू पिऊन दाखव."